लॉगिनआधीचा कळफलक

संगणकावर इन्स्क्रिप्ट मांडणी चालू आहे आणि आपण पासवर्डाच्या चौकटीत ‘दिल्ली’चं इंग्रजी स्पेलिंग टाइप करतो : डी, ई, एल, एच, आय. आत काय जातं? आधी एक सुटा हलन्त, मग काना, मग त, प आणि ग. पडद्यावर मात्र पाच काळे ठिपके दिसतात आणि खाली ओळ येते, पासवर्ड चुकीचा आहे. पासवर्ड बरोबर असतो, बोटंही बरोबर पडलेली असतात. चुकलेला असतो तो कळफलक, आणि तेवढीच गोष्ट ठिपक्यांमागे लपलेली असते.

दिल्ली आणि आसपासच्या शहरांत ही अडचण वारंवार भेटते, कारण इथे एकाच यंत्रावर अनेक मांडण्या नांदतात. सरकारी कार्यालयात एक जण हिंदी टंकलेखन रेमिंग्टन पद्धतीने शिकून आलेला असतो, दुसरा इन्स्क्रिप्टने, तिसऱ्याला रोमनमधून हिंदी उमटवायची सवय असते. त्यात मराठी माणूस आला की चौथी मांडणी येते. इथल्या मराठी वस्तीचा पसाराही मोठा आहे : करोल बागेतले सांगलीकडचे गलाई व्यावसायिक, मंत्रालयांतले अधिकारी, पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेली घरं, राजेंद्रनगरात यूपीएससीचा अभ्यास करणारी मुलं, नोएडा-गुरुग्रामच्या कंपन्यांतले अभियंते. १९५४ साली इथे साहित्य संमेलन भरलं, २०२५च्या फेब्रुवारीत तालकटोरा स्टेडियमवर ९८वं भरलं. ही मंडळी मराठी लिहितात, संगणकावर लिहितात, आणि बहुतेकांचं यंत्र एकतर कंपनीचं असतं किंवा घरात चौघांत मिळून एक असतं. म्हणून लॉगिनच्या पडद्यावर कोणता कळफलक असावा, हा प्रश्न इथे तपशीलवार पाहण्याजोगा आहे.

मांडणीचा इतिहासही दिल्लीशीच जोडलेला आहे. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली भारतीय लिप्यांसाठी एक सामाईक कळफलक ठरवला, १९८८ साली त्यात सुधारणा झाली आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने इस्की या भारतीय संकेतप्रणालीच्या मानकात, म्हणजे आयएस १३१९४ मध्ये, त्याला जागा दिली. हाच इन्स्क्रिप्ट. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं, ‘के’च्या कळीवर क, शिफ्ट दाबली की ख, ‘एन’वर ल, शिफ्टसह ळ. एकदा बोटांत बसली की ही मांडणी विसरत नाही. पुढे युनिकोडमधल्या नव्या अक्षरांना सामावून घेणारी वाढीव आवृत्ती तयार झाली आणि २०१६ साली आयएस १६३५० या क्रमांकाने तिचंही मानक आलं.

इन्स्क्रिप्ट ठरत होता त्याच काळातली एक गोष्ट आज फारशी कुणाच्या लक्षात नाही. आयआयटी कानपूरमध्ये आणि नंतर पुण्याच्या सीडॅकमध्ये मोहन तांबे यांच्या पुढाकाराने जे जिस्ट तंत्रज्ञान घडलं, त्याचं सुरुवातीचं रूप संगणकात बसवायच्या कार्डाचं होतं. देवनागरी त्या कार्डातच असे. डॉस सुरू झालं की साध्या इंग्रजी प्रोग्रॅममध्येसुद्धा मराठी टाइप करता येई. वापरणारा कोण, हे यंत्र विचारतच नसे. लॉगिन नव्हतं, त्यामुळे लॉगिनआधी आणि लॉगिननंतर असा भेदही नव्हता. पुढे विंडोज आणि लिनक्समध्ये देवनागरी सॉफ्टवेअरमध्ये आली, युनिकोड आला, फार मोठं काम झालं. पण भाषा ही ‘वापरकर्त्याची आवड’ झाली, आणि आवड म्हटली की ती वापरकर्ता आत आल्यावरच लागू होणार.

सगळ्या अडचणीचं मूळ इथे आहे. आपण सेटिंग्जमध्ये जाऊन मराठी कळफलक घालतो तेव्हा तो आपल्या खात्यापुरता नोंदवला जातो. लॉगिनचा पडदा आपल्या खात्याचा नसतो. तो यंत्राचा असतो, एका वेगळ्याच अंतर्गत खात्याखाली चालतो, आणि त्या क्षणी समोर कोण बसलं आहे हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून त्या पडद्यासाठी मांडणी वेगळी, यंत्राच्या पातळीवर नोंदवावी लागते. हे एकदा ध्यानात आलं की विंडोज असो, लिनक्स असो, मॅक असो, पुढचे सगळे उपाय आपोआप उलगडतात.

विंडोजमध्ये ही नोंद रजिस्ट्रीत असते. प्रत्येक वापरकर्त्याची एक शाखा असते आणि ‘डॉट डिफॉल्ट’ नावाची आणखी एक. नावामुळे पुष्कळांना वाटतं, ही नव्या वापरकर्त्यांसाठीची मूळ प्रत आहे. तसं नाही. ती प्रणालीच्या स्वतःच्या खात्याची शाखा आहे आणि लॉगिनचा पडदा तिथूनच वाचतो. तिच्यातल्या ‘कीबोर्ड लेआउट’खालच्या ‘प्रीलोड’ या नोंदीत मांडण्यांचे क्रमांक ओळीने असतात; पहिल्या क्रमांकाची मांडणी लॉगिनला आपोआप चालू होते. भारतीय इंग्रजीचा क्रमांक ४००९वर संपतो, मराठीचा ०४४ईवर. रजिस्ट्रीला हात न लावता हेच करायचा सोपा मार्ग आहे : टाइम अँड लँग्वेजमधून ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लँग्वेज सेटिंग्ज उघडायची, ‘कॉपी सेटिंग्ज’ दाबायचं. तिथे दोन चौकोन असतात. एक वेलकम स्क्रीन आणि सिस्टिम खात्यांसाठी, दुसरा नव्या वापरकर्त्यांसाठी. आपल्याला पहिला हवा आहे. दुसऱ्यावर विचार न करता खूण केली तर यापुढे त्या यंत्रावर उघडलेलं प्रत्येक खातं आपल्या मांडण्या घेऊन जन्माला येईल आणि शेजारच्या टेबलावरचा सहकारी हैराण होईल.

इथे एक खोच आहे. ‘कॉपी सेटिंग्ज’ आपल्या खात्यातलं सगळंच उचलतं : पडद्याची भाषा, तारखेचा नमुना आणि मांडण्यांचा क्रमही. आपल्या यादीत मराठी वर असेल तर लॉगिनही मराठीनेच उघडेल. म्हणून आधी आपल्या यादीत इंग्रजी वर आणायची, नक्कल करायची, मग हवा असल्यास आपला क्रम पुन्हा पहिल्यासारखा करायचा. लॉगिनच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात भाषेची खूण दिसते आणि विंडोज-स्पेसने मांडणी बदलते. शंका आली तर तिथल्याच सुलभतेच्या बटणातून पडद्यावरचा कळफलक उघडावा. त्याच्या कळांवर चालू मांडणीची अक्षरं दिसतात, त्यामुळे ठिपक्यांमागे काय चाललं आहे ते लगेच कळतं. इतकी उपयोगाची सोय इतक्या कमी लोकांना माहीत आहे, याचं वाईट वाटतं.

हे झालं तयार मांडण्यांचं. पण स्वतःची मांडणी करायची गरज मराठीला पडतेच. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या निर्णयाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ला वर्णमालेत रीतसर जागा मिळाली, त्याआधी बेतलेल्या मांडणीत ‘ॲ’साठी कळ कुठून असणार? ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला चंद्रकोरीसारखा अर्धा र हिंदीत लागत नाही, म्हणून हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या मांडणीत तो सहज सापडत नाही. ज्यांना क्ष, ज्ञ, श्री एका कळीवर हवेत त्यांची मागणी आणखी वेगळी. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचं कीबोर्ड लेआउट क्रिएटर हे जुनं पण अजून कामाचं साधन आहे. त्यात एका कळीवर जास्तीत जास्त चार संकेत ठेवता येतात. ‘श्री’ म्हणजे श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी, असे चारच, बसतं. तयार झालेली मांडणी एका डीएलएल फाइलच्या रूपात प्रणालीच्या फोल्डरमध्ये जाते आणि यंत्राच्या पातळीवर नोंदवली जाते. त्यामुळेच ती लॉगिनला चालते.

गुगलचं इनपुट टूल किंवा तत्सम रोमन-मराठी साधनं मात्र तिथे चालत नाहीत, आणि याचं कारण पुष्कळांना समजावून सांगावं लागतं. इन्स्क्रिप्ट ही मांडणी आहे : एक कळ, एक ठरलेलं अक्षर, मध्ये विचार करणारं कुणी नाही. रोमनमधून मराठी करणारं साधन हा प्रोग्रॅम असतो. तो टाइप केलेलं साठवतो, शब्द ओळखतो, पर्याय दाखवतो. पासवर्डाच्या चौकटीत असा मध्यस्थ असणं धोक्याचं, म्हणून तो बंदच ठेवला जातो. हा निर्णय योग्य आहे आणि त्याविषयी तक्रार करू नये.

लिनक्सवर मांडण्यांचं काम एक्सकेबी ही यंत्रणा करते. तिच्या भारताच्या फाइलमध्ये मराठीसाठी कगप ही ध्वन्यनुसारी मांडणी आहे, आणि नव्या आवृत्त्यांत वाढीव इन्स्क्रिप्टही. डेबियन, उबुंटू घराण्यात यंत्राच्या पातळीवरची नोंद ‘इटीसी’ खालच्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरमधल्या ‘कीबोर्ड’ नावाच्या छोट्या फाइलमध्ये असते; फेडोरासारख्या ठिकाणी ‘लोकेल-सीटीएल’ हा आदेश तीच नोंद करतो आणि जीनोमचा लॉगिन पडदा तिथूनच मांडणी उचलतो. डेबियनच्या स्थापनेत एक फार शहाणी गोष्ट आहे. लॅटिनेतर मांडणी निवडली की ती विचारते, राष्ट्रीय आणि लॅटिन मांडणीत अदलाबदल कोणत्या कळीने करायची? म्हणजे रोमन मांडणी सोबत असणारच हे ती गृहीत धरते. देवनागरी कळफलक घालणारा माणूस कधीतरी इंग्रजी पासवर्ड, इंग्रजी आदेश टाइप करणारच, हे ज्याने ओळखलं त्याने वापरणाऱ्याची खरी काळजी घेतली आहे.

स्वतःची मांडणी लिनक्सवर घालायची तर दोन वाटा. वेलँडवर चालणाऱ्या नव्या व्यवस्थेत माणूस आपल्या घरच्या फोल्डरात ‘कॉन्फिग’मध्ये मांडणी ठेवू शकतो आणि ती त्याच्या सत्रात झकास चालते. लॉगिनला ती दिसणार नाही, कारण लॉगिनचा पडदा दुसऱ्याच खात्याखाली चालतो आणि आपल्या घरात डोकावत नाही. त्यासाठी तीच फाइल ‘इटीसी’ खालच्या ‘एक्सकेबी’ फोल्डरात ठेवावी. जुना एक्स सर्व्हर मात्र तिथेही बघत नाही. त्याला प्रणालीच्या मूळ फोल्डरातच फाइल लागते, आणि तिथे केलेला बदल पुढच्या अपडेटला पुसला जाऊ शकतो. दुसरी मर्यादा अक्षरांची. एक्सच्या जुन्या पद्धतीत एका कळीवर एकच संकेत मावतो. इन्स्क्रिप्टच्या अंकांच्या ओळीतला ‘क्ष’ हा क, हलन्त आणि ष असा तीन संकेतांचा आहे, त्यामुळे तो तिथे बसत नाही. सत्रात शिरल्यावर आयबस नावाचा मध्यस्थ ही उणीव भरून काढतो. लॉगिनला तो भरवशाचा नाही. म्हणून लॉगिनसाठी मांडणी बनवणाऱ्याने एका कळीवर जोडाक्षर ठेवायचा मोह सोडावा. हलन्ताची कळ आहे, तिने काम भागतं.

मॅकवर युकेलेले या साधनाने मांडणी बनवता येते. ती आपल्या लायब्ररीत ठेवली तर फक्त आपल्याला, संगणकाच्या मुख्य लायब्ररीत ठेवली तर सर्वांना, तत्त्व तेच. लॉगिन खिडकीत इनपुट मेनू दाखवायचा पर्यायही आहे. पण पासवर्डाच्या चौकटीत मॅक फक्त रोमन अक्षरं देणाऱ्या मांडण्याच चालू ठेवतो आणि देवनागरी करडी होते. त्यामुळे तिथे देवनागरी पासवर्डाचा प्रश्नच निकालात निघतो.

लॉगिनच्याही आधी एक पायरी असते आणि तिच्यावरच बरेच जण अडकतात. डिस्क कुलूपबंद असेल तर प्रणाली उघडण्यापूर्वीच किल्ली मागितली जाते. विंडोजच्या बिटलॉकरमध्ये या टप्प्यावर अमेरिकन इंग्रजी मांडणीच धरून चालावं. म्हणून पिन अंकांचीच ठेवणं बरं. सुटकेची ४८ अंकी किल्ली तर एफ-१ ते एफ-१० या कळांनीही टाकता येते, म्हणजे अंकांच्या कळा रुसल्या तरी वाट आहे. लिनक्सच्या लक्स पद्धतीत या टप्प्यावर कन्सोलची मांडणी चालते, आणि ती बूटच्या प्रारंभिक प्रतिमेत बांधलेली असते. मांडणी बदलली की ती प्रतिमा नव्याने बांधायला हवी. लक्समध्ये एकाच डिस्कला अनेक किल्ल्या देता येतात, जुन्या रचनेत ८, नव्या रचनेत ३२. त्यामुळे एक सोपी सोय करता येते : तेच वाक्य, त्याच बोटांनी, एकदा एका मांडणीत आणि एकदा दुसऱ्या मांडणीत टाइप करून दोन वेगळ्या किल्ल्या नोंदवायच्या. मग मांडणी कोणतीही असो, डिस्क उघडते.

आता प्रश्नाच्या गाभ्याकडे. पासवर्ड देवनागरीत असावा का? मराठीत विचार करणाऱ्याने मराठीतच परवलीचा शब्द ठेवावा, ही इच्छा मला मनापासून मान्य आहे. लिनक्सवर आणि विंडोजच्या स्थानिक खात्यावर ते तांत्रिकदृष्ट्या अशक्यही नाही. अडचण अक्षरांची आहे, आणि ती नीट पाहायला हवी.

‘दऱ्याखोऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेत ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्याच्यापुढे हलन्त. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारा जोडक संकेत. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पण संगणक पासवर्ड अक्षरांच्या आकारावरून ओळखत नाही, संकेतांच्या ओळीवरून ओळखतो. घरच्या यंत्रावर एका तऱ्हेने ठेवलेला पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरच्या दुसऱ्या मांडणीने टाकला, तर तो चुकीचाच ठरणार. ‘ॲ’चंही तेच : नव्या मांडणीत एक अक्षर, जुन्या मांडणीत अ आणि वर चंद्र असे दोन संकेत. ‘ऑ’चंही असंच होऊ शकतं.

युनिकोडने अशा रूपांना एकाच साच्यात आणायची सामान्यीकरणाची रीत दिली आहे आणि पासवर्ड तपासण्यापूर्वी ती लावावी असं २०१७च्या आरएफसी ८२६५ या इंटरनेट मानकात सांगितलं आहे. ती रीत ‘र आणि खाली नुक्ता’ याचं ‘ऱ’ करते. पण न दिसणाऱ्या जोडकाने लिहिलेला अर्धा र आणि ऱ-हलन्त यांना ती एक मानत नाही. ‘ॲ’च्या दोन रूपांनाही नाही. म्हणजे ज्या दोन ठिकाणी मराठी हिंदीहून वेगळी पडते, नेमक्या त्याच दोन ठिकाणी ही व्यवस्था आपल्याला वाऱ्यावर सोडते. हे काम आपणच मागून घ्यायला हवं. मानक ब्यूरोचं मुख्यालय दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावर आहे, राजभाषा विभाग दिल्लीत आहे, इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालय लोदी रस्त्यावर आहे. मोबाइल हँडसेटसाठी आयएस १६३३३ लागू करून भारतीय भाषांत वाचण्या-लिहिण्याची सोय बंधनकारक करता आली. मग संगणकाच्या लॉगिनला मराठीतली ही समरूपं एक मानली जावीत, मांडणीची खूण पासवर्डाच्या चौकटीशेजारीच दिसावी, एवढं मानकात घालून घेणं आवाक्याबाहेरचं नाही. मराठी भाषा विभागाने आणि राज्य मराठी विकास संस्थेने ही दोन उदाहरणं हातात घेऊन दिल्लीत पाठपुरावा करावा, असं मला कळकळीने वाटतं.

तोवर काय करावं? मराठी बोटांनी इंग्रजी पासवर्ड टाकावा. इन्स्क्रिप्ट येणाऱ्याला ही युक्ती फारच सोयीची आहे. मांडणी इंग्रजी ठेवायची आणि बोटं मात्र मराठी शब्दाची चालवायची. ‘तळेगाव’ असं टाइप केलं की आत जातं : एल, मोठा एन, एस, आय, ई, बी. ‘चटणी’ टाइप केलं की अर्धविराम, वरचा स्वल्पविराम, मोठा सी, लहान आर. च, ट आणि य या अक्षरांच्या जागी इंग्रजी मांडणीत चिन्हं आहेत, शिफ्टच्या अक्षरांच्या जागी मोठी अक्षरं. म्हणजे कंपन्या मागतात ती चिन्हांची आणि मोठ्या-लहान अक्षरांची अट पुष्कळदा मराठी शब्दच पुरी करतो. असा पासवर्ड बायोसमध्ये चालतो, डिस्कच्या कुलुपाला चालतो, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो, दूरच्या सर्व्हरवर चालतो. फक्त एक शब्द पुरेसा समजू नये. गावाचं नाव हे कोणत्याही बोटांनी टाइप केलं तरी अंदाजात येणारं असतं. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्यावेत.

ज्यांनी स्वतःची मांडणी कीबोर्डच्याच चिपमध्ये भरून घेतली आहे, त्यांना हा प्रश्न निम्मा सुटला असं वाटतं. क्यूएमके प्रकारच्या कीबोर्डांत कळांची अदलाबदल कीबोर्डातच होते, त्यामुळे ड्वोराक किंवा कोलमॅक या इंग्रजी मांडण्या वापरणाऱ्याला बायोसपासून लॉगिनपर्यंत सर्वत्र आपली मांडणी मिळते. देवनागरीला याचा तेवढा उपयोग नाही, कारण कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, कळीचा क्रमांक पाठवतो. त्या क्रमांकाचं ‘ळ’ करायचं काम प्रणालीचंच राहतं.

सामाईक यंत्र असेल तर क्रम असा ठेवावा : लॉगिनला इंग्रजी पहिली, मराठी दुसरी, हिंदी लागत असेल तर तिसरी, आणि अदलाबदलीची कळ सगळ्यांना ठाऊक असलेली. ऑफिसच्या यंत्रावर यासाठी ॲडमिनचा अधिकार लागतो. नोएडा-गुरुग्रामच्या कंपन्यांत आयटीवाले सहसा नको म्हणतात, त्यांना जास्त मांडण्या म्हणजे जास्त ‘लॉगिन होत नाही’चे फोन असं वाटतं. त्यांची भीती खरी आहे. पण इंग्रजी पहिली ठेवून बाकीच्या मागे ठेवल्या की फोन वाढायचं कारण उरत नाही, आणि भाषेची खूण दिसत असेल तर उलट कमी होतात. हे त्यांना यंत्रावर करूनच दाखवावं. दाखवताना पडदा नुसता लॉक करून भागत नाही, कारण लॉक केलेलं सत्र आपल्याच मांडणीत राहिलेलं असू शकतं. यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा चालू करायचं, पडद्यावरचा कळफलक उघडायचा, मांडणी एकदा मराठीवर आणि परत इंग्रजीवर न्यायची, आणि मगच पासवर्ड टाकायचा. या सगळ्या काळात हाताशी अंकांचा पिन असलेलं दुसरं ॲडमिन खातं ठेवावं.